न अडकणारं पिस्तूल

नोकरीतले बरेचसे तपास आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठल्या गुन्ह्यात कोणतं कलम लावलं होतं असं कुणी विचारलं, तर मला कागद बघावा लागेल. पण खरवईच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपलं पिस्तूल नीट चालतं म्हणून पोलिसांविरुद्ध तक्रार केली, तो सगळा आठवडा मी अजून वारानुसार सांगू शकतो. नावं मात्र सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं त्याच भागात राहतात आणि लग्नाकार्यात भेटतात.

मी तेव्हा बदलापूरच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवडणूक नुकतीच पार पडली होती. आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी आपली हत्यारं ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून परत न्यायची, ही दरवेळची पद्धत. पिस्तूल म्हणजे केवढी जोखमीची वस्तू, असं वाचणाऱ्याला वाटेल, आणि ते खरंच आहे. पण जमा करायच्या दिवशी ठाण्यात जी रांग लागते ती थेट रेशनच्या दुकानाची असते. कुणी पिस्तूल मिठाईच्या खोक्यातून आणतं, कुणी लेंग्याच्या नाडीला खोचून. आमच्या भागातल्या जुन्या आगरी शेतकरी घरांत अशी परवान्याची हत्यारं बऱ्यापैकी होती. भाताच्या राखणीसाठी म्हणून कधीकाळी घेतलेली. पुढे त्या भाताच्या जागी सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या आणि राखणीला नुसतं पिस्तूल उरलं.

ही हत्यारं सांभाळायची जबाबदारी मुद्देमाल कारकुनाची. आमच्याकडे ते काम एका हवालदारांकडे होतं. देशावरचे, अंगाने किरकोळ, निवृत्तीला चार महिने राहिलेले. ठाण्यात सगळे त्यांना नाना म्हणत. मुद्देमाल खोलीची चावी नऊ वर्षं त्यांच्या कमरेला होती. चोरीच्या मोटरसायकलपासून हातभट्टीच्या कॅनपर्यंत प्रत्येक वस्तूला त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी बांधलेली असे. एखाद्या चिठ्ठीची गाठ सैल दिसली तर नानांना चहा गोड लागत नसे.

हत्यारं परत द्यायच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास खरवईचे बाबा आले. पंचाहत्तरीचा उंच माणूस, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, बोलणं मोठ्याने. गावात कुणाचीही हळद असो, हे कमरेला पिस्तूल लावून पुढच्या खुर्चीवर बसणार आणि कुणी फोटो काढायला आलं की सदरा थोडा बाजूला करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या पिस्तुलातून त्यांनी आयुष्यात किती गोळ्या झाडल्या असतील, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

नानांनी पावती घेतली, नंबर वाचला, पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवलं आणि टेबलावर ठेवलं. बाबांनी ते उचललं, वरचा सरकणारा भाग, ज्याला आम्ही स्लाईड म्हणतो, मागे खेचला आणि सोडला. स्लाईड खटकन आपल्या जागी गेली. बाबांनी पुन्हा खेचली. पुन्हा खटकन गेली. मग त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि सहीचं पेन नानांकडे सरकवलं.

“यो पिस्तूल माझा नाय,” बाबा म्हणाले.

नानांनी नंबर पुन्हा वाचून दाखवला.

“नंबर माझा हाय. पिस्तूल माझा नाय. माझा खट्याल हाय. मागं खेचला का तिथंच ऱ्हाते. अंगठ्यान ढकलल्याबिगर पुढं येत नाय. धा वरसां मी त्याला वलखतो. ह्यो त लोन्यासारखा चालते.”

रांगेतली माणसं हसायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, “बाबा, पोलिसांनी चांगला दिलाय तर घेऊन टाका ना, कशाला टेन्शन घेता?” हसू ऐकून मी केबिनमधून बाहेर आलो आणि खरं सांगायचं तर मीही हसलो. पंचवीस वर्षांच्या नोकरीत वस्तू बिघडली म्हणून भांडणारे शेकड्याने पाहिले होते. वस्तू चांगली आहे म्हणून भांडणारा हा पहिलाच.

बाबा हसले नाहीत. सही न करता निघून गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा अर्ज उपायुक्तांच्या कार्यालयात पोहोचला. पुतण्याने संगणकावर छान टाईप करून दिला होता. माझं चांगल्या बनावटीचं हत्यार ठाण्यातून बदलण्यात आलं असून दुसऱ्या पिस्तुलावर माझा नंबर ठोकून ते मला देण्यात येत आहे, असा मजकूर. आता हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. उल्हासनगर आमच्यापासून किती लांब? तिथे लोखंडावर हवा तो आकडा हव्या त्या अक्षरात ठोकून देणारी माणसं चहा पिता पिता सापडतात. अर्जात अशक्य असं काहीच नव्हतं.

उपायुक्तांनी आठ दिवसांत अहवाल मागवला. फोनवर म्हणाले, “खोलीची चावी कुणाकडे असते?” मी नानांचं नाव सांगितलं. “निवृत्ती कधी?” मी तेही सांगितलं. “चार महिने,” त्यांनी माझेच शब्द परत म्हटले. त्याचा अर्थ मला कळला. जाता जाता माणूस हात मारून गेला, असा अंदाज पोलीस खात्यात पटकन बांधला जातो, कारण तसं करणारेही आम्ही पाहिलेले असतात. चौकशी बसली तर नानांचं निवृत्तिवेतन अडकणार, निरोपसमारंभ राहील बाजूला, आणि नऊ वर्षं चिठ्ठ्या बांधणाऱ्या माणसाच्या नावाला एक चिठ्ठी कायमची लागणार.

मी नानांना बोलावलं आणि चावी मागितली. चौकशी होईपर्यंत खोलीचा ताबा दुसऱ्याकडे द्यावा लागतो, हा नियम आहे. नानांनी कमरेची चावी सोडून टेबलावर ठेवली, सलाम केला आणि विचारलं, “साहेब, नोंद स्टेशन डायरीत मी करू का ठाणे अंमलदार करतील?” मी म्हणालो, ते करतील. नाना बाहेर गेले. त्यानंतर त्यांना वायरलेसच्या खोलीत काम दिलं. ते वेळेवर येत, वेळेवर जात, तक्रारीचा एक शब्द नाही. मला त्यांच्याकडे बघायला नको वाटायचं, म्हणून मी बघत नसे.

दोन दिवसांनी माझ्या एका जुन्या खबऱ्याचा उल्हासनगरच्या कॅम्प एकहून फोन आला. आवाज एकदम हळू. “साहब, पक्की टीप आहे. बदलापूर साईडचा एक हवालदार, त्याने तीन पिस्तूल बदलून विकले. रिटायर होनारा आहे. गावाला बंगला बांधला त्यान.” मी विचारलं, कुणी सांगितलं? तर त्याला सलूनवाल्याने सांगितलेलं, सलूनवाल्याला एका गिऱ्हाइकाने आणि त्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपने. म्हणजे माझ्याच ठाण्यातली बातमी उल्हासनगरला फेरफटका मारून, वाटेत एकाची तीन पिस्तुलं करून आणि नानांना बंगला बांधून देऊन, खबर म्हणून माझ्याकडेच परत आली होती. खबरी ठेवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे लक्षात ठेवावं. खबर जितकी तपशीलवार, तितकी ती जास्त तोंडांतून आलेली असते.

मी मुख्यालयातून आर्मररला बोलावून घेतलं. आर्मरर म्हणजे खात्याची हत्यारं तपासणारा आणि नीट ठेवणारा माणूस. हे गृहस्थ पिस्तुलाशी असे बोलत जसे डॉक्टर लहान पेशंटशी बोलतात. त्यांनी आल्या आल्या टेबल खिडकीपाशी ओढून घेतलं, खाली पांढरा कागद पसरला आणि मला म्हणाले, “साहेब, वापरलेलं पिस्तूल बघताना चकाकी बघायची नाही. चकाकी कुणीपण आणतो. झीज कुठे झालीय ते बघायचं.”

मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. पिस्तुलाचा काळा मुलामा फक्त एका बाजूने पुसला गेला होता, कमरेच्या पट्ट्याला घासून घासून. वर्षानुवर्षं एकाच बाजूला खोचणाऱ्या माणसाचं हे लक्षण. नळी आतून जवळजवळ नवी, म्हणजे झाडलंय फार कमी. स्लाईड ज्या खाचांतून सरकते त्यांच्या कडा धारदार, म्हणजे खेचलंही फार कमी. “मिरवायचं पिस्तूल आहे,” ते म्हणाले. “बाजारात आलं असतं तर मी म्हणालो असतो, बिनधास्त घ्या, म्हातारीने देवळापर्यंत नेलेली गाडी आहे ही.” शेवटी त्यांनी भिंगाखाली नंबर बघितला. आकड्यांच्या आतला मुलामा आणि बाहेरचा मुलामा एकाच वयाचा. कुणी घासून पुन्हा ठोकलेला नव्हता.

“पिस्तूल तेच आहे,” ते म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण त्यांचं वाक्य संपलं नव्हतं. “पण हे अलीकडेच कुणीतरी पूर्ण उघडून साफ केलंय. एवढं स्वच्छ पिस्तूल मी मुख्यालयातसुद्धा बघत नाही. कुठल्याही बारीक खाचेत सुई घाला, मळ नाही. काम करणारा हात हत्याराचा नाही, पण लय भारी आहे.” मुठीची पट्टी काढल्यावर आत पुसट पिवळा डाग होता. तो कशाचा, ते त्यांना सांगता येईना.

म्हणजे प्रकरण सुधारण्याऐवजी बिघडलं. बाबा शपथेवर सांगत होते की त्यांनी पिस्तूल कुणाला दाखवलं नाही, उघडलं नाही, जमा करायच्या दिवशी कपाटातून काढून थेट ठाण्यात आणलं. मग ते उघडलं कुठे? राहता राहिली आमची मुद्देमाल खोली. आणि जमा करतेवेळी आम्ही पावतीवर नंबर लिहिला होता, बनावट लिहिली होती, पण ते चालतं की अडकतं हे लिहिलेलं नव्हतं. कधीच लिहीत नव्हतो.

आर्मररला चहा द्यायला आमची एक महिला शिपाई आत आली होती. अंबरनाथची मुलगी, तीन वर्षांची नोकरी, डोकं तल्लख. ती कागदावरच्या सुट्या भागांकडे वाकून बघत म्हणाली, “सर, या स्क्रूवर नेलपॉलिश आहे.”

आम्ही दोघांनी बघितलं. मुठीच्या स्क्रूवर बारीक चमकीचा जांभळा ठिपका होता, स्क्रू काढताना मधोमध तडकलेला. आर्मरर म्हणाले, मला वाटलं रंगाचा थेंब उडालाय.

“नाही सर, हे सील आहे. माझी मम्मी घरी गाऊन शिवते. शिलाई मशीन रिपेर केली की मेकॅनिक स्क्रूवर नेलपॉलिश लावतो. मध्ये दुसऱ्या कोणी उघडली तर रंग तुटतो, मग गॅरंटी कॅन्सल. आणि प्रत्येकाचा कलर वेगळा असतो. आमचा निळावाला आहे.”

पंचवीस वर्षांत मी ठसे पाहिले, रक्ताचे डाग पाहिले, टायरच्या खुणा पाहिल्या. नेलपॉलिशचा पंचनामा करायची वेळ आली नव्हती. मी तिला त्या ठिपक्याचा फोटो काढायला सांगितला आणि साध्या कपड्यांत तिच्या मम्मीच्या निळ्या मेकॅनिककडे पाठवलं. ती तासाभरात परत आली. “सर, त्याने फोटो बघितल्या बघितल्या सांगितलं. जांभळा आणि त्यात चमकी, म्हणजे कॅम्प पाचचे चाचा. दुसऱ्या कोणाची हिंमत नाही तो कलर लावायची.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा आमच्या ठाण्यात माझ्यासमोर बसले होते. सत्तरीचे सिंधी गृहस्थ, खिशाला तीन स्क्रूड्रायव्हर, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. ठाण्याची पायरी आयुष्यात पहिल्यांदा चढले होते आणि घाबरलेले होते. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि विचारपूस सुरू केली.

“साईं, मैं मशीनवाला आदमी. काज-बटनवाली, ओव्हरलॉक, पिको. ये चीज मैंने जिंदगी में हात में नहीं ली.”

मी ठिपक्याबद्दल विचारलं. “साईं, नेलपॉलिश तो बाजार में सबको मिलती है.” मी दरडावलं, त्यांनी हात जोडले. मी समजावलं, त्यांनी पुन्हा हात जोडले. असा पाऊण तास गेला. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून काही मिळत नाही, हे मला माहीत असूनही मी तेच करत होतो, कारण माझे आठापैकी पाच दिवस संपले होते आणि पलीकडच्या खोलीत नाना वायरलेसचे निरोप लिहून घेत होते.

महिला शिपाई कोपऱ्यात जबाब लिहायला बसली होती. ती लिहिता लिहिता सहज म्हणाली, “चाचा, तुमची गॅरंटी किती महिन्यांची असते?”

“छह महिना. पूरे एरिया में कोई नहीं देता.”

“मग हे तर आताच अडकायला लागलं परत.”

चाचांचे जोडलेले हात सुटले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पिस्तूल जवळ ओढलं आणि नाक लागेल इतकं वाकून मुठीकडे बघितलं. मग ते माझ्यावरच भडकले.

“सील किसने तोडी? बोलो, किसने खोला इसको? मेरे बाद दुसरे का हात लगा है इसमें. अब गॅरंटी-वॅरंटी कुछ नहीं मिलेगी, साईं, साफ बोलता हूं.”

महिला शिपायाने वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि पेन थांबवलं. चाचांच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, “पानी मिलेगा?”

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. एक म्हातारी बाई रिक्षातून शिलाई मशीन घेऊन आली. मशीन सर्व्हिसिंगला दिलं आणि मग मशीनच्या खोक्यातून ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेली ही वस्तू काढली. याला पण पुसून द्या, म्हणाली. चाचांनी तीनदा नाही म्हटलं. बाई दुकानात स्टुलावर बसून राहिली. “साईं, मैंने बस देखने के वास्ते उठाया. खींचा तो जाम. अब जाम चीज सामने हो तो मेरे से रहा नहीं जाता, मेरी घरवाली भी यही बोलती है. पर एक पुरजा नहीं बदला. न घिसा, न ठोका. सिर्फ सफाई. अंदर से जो कचरा निकला वो भी पुडी में बांधके बाई को दे दिया. गिऱ्हाईक का माल गिऱ्हाईक को. पावती भी दी है, तारीख के साथ.”

तारीख म्हटल्यावर मी खुर्चीवरून उठलोच. ती पावती जमा करण्याच्या आधीच्या तारखेची असेल तर नाना सुटले. नंतरची असेल तर संपले. कधीची, हे चाचांना नक्की आठवत नव्हतं आणि पावतीची दुसरी प्रत ठेवायची त्यांना सवय नव्हती.

दोन पंच सोबत घेऊन आम्ही लगेच जीपने खरवईला निघालो. बाबांचं घर म्हणजे जुन्या अंगणावर बांधलेला दुमजली बंगला, पुढे तुळस, मागे टॉवरची पाठ. बाबा झोपाळ्यावर बसले होते. मला वाटलं होतं बाई लपवाछपवी करतील. मी अंगणात पाय ठेवला आणि बाबांच्या पत्नी, म्हणजे गावाच्या आजी, पदराला हात पुसत समोर आल्या.

“मी नेला व्हता. त्यांना काय ठावं नाय. मना काय ती शिक्षा करा,” भीतीपोटी आठवडाभर दाबून ठेवलेलं त्यांनी सांगून टाकलं.

बाबा झोपाळ्यावरून उठून उभे राहिले. “तू? कनाला नेला?”

“कनाला म्हंजे? पोलिसांच्या घरान वस्तू द्याची, ती काय अशी चिकट द्याची? शेजारनीला पातेला देतान तो पन घासून देतान. तुमी दर दसऱ्याला त्याला खोबरेल चोपडतान, हलद-कुंकू व्हातान, वरशी अक्षता टाकतान, ना तसाच गुंडालून कपाटान. धा वरसांचा दसरा भरला व्हता त्यान. पोलिसांनी खेचला असता ना अडकला असता, त बोल्ले असते, ह्या म्हाताऱ्याला कनाला पायजे पिस्तूल, काढा त्याचा परवाना. मंग तुमी हलदीला काय लावून बसनार?”

“मना सांगाचं नाय?”

“सांगला असता त नेऊ दिला असता?”

बाबा पुन्हा झोपाळ्यावर बसले. मी विचारलं, आजी, गोळ्या कुठे होत्या? “गोल्या घरानच ठेवल्या व्हत्या, तांदलाचे डब्यान. मना काय येडी समजलान?” मग पुडीचं विचारलं. आजी आत गेल्या आणि देव्हाऱ्यातून कागदाची पुडी घेऊन आल्या. पूजेचं कुंकू-हळद, ते कचऱ्यात कसं टाकायचं, म्हणून देवापाशी ठेवलेलं. पंचांसमोर पुडी उघडली. आत गोंदासारखं झालेलं खोबरेल, त्यात कुंकू, हळद आणि काळे पडलेले तांदळाचे दाणे. आणि ज्या कागदात ते बांधलं होतं, तो कागद म्हणजेच चाचांची पावती. तेलाने पारदर्शक झालेली, पण वाचता येत होती. शिलाई मशीन सर्व्हिसिंग, आणि खाली “दुसरा आयटम, सफाई”. तारीख आमच्याकडे पिस्तूल जमा झालं त्याच्या दोन दिवस आधीची.

मी ती तारीख पंचांना वाचायला लावली आणि मग स्वतः दोनदा वाचली. मला फार बरं वाटलं. एवढं बरं मोठमोठ्या दरोड्यांचे गुन्हे उघडकीला आणूनही वाटलं नव्हतं, हे प्रांजळपणे सांगतो. महिला शिपाई माझ्याकडे बघून ओठ दाबून हसत होती. कारण तिला आठवत होतं, आणि मलाही, की दसऱ्याला आमच्या ठाण्यातही हत्यारं मांडून पूजा होते आणि हळद-कुंकू मीच वाहतो, चांगलं मूठभर. पुढच्या दसऱ्यापासून आम्ही कुंकू हत्यारांच्या पेटीला लावायला लागलो.

पण कायदा आपल्या जागी होता. दुसऱ्याच्या परवान्याचं हत्यार घेऊन फिरणं आणि परवाना नसताना हत्याराला हात घालणं, या गमतीच्या गोष्टी नाहीत. मी काहीही न लपवता सगळं लिहून वर पाठवलं. आर्मररने लेखी अभिप्राय दिला की एकही भाग बदललेला वा घडवलेला नाही, केवळ स्वच्छता झाली आहे. सरकारी वकिलांचं मत मागवलं गेलं. शेवटी प्रकरण परवाना शाखेकडे गेलं, बाबांना कारणे दाखवा नोटीस निघाली आणि हत्यार कुलपात न ठेवल्याबद्दल सक्त ताकीद मिळाली. चाचांनी लिहून दिलं की यापुढे शिलाई मशीनशिवाय कशालाही हात लावणार नाही. लिहून देताना म्हणाले, “साईं, आपके ठाने का पंखा आवाज करता है, उसको तो हात लगा सकता हूं ना?” आणि त्यांनी तो खरोखरच ठीक करून दिला.

ते कागद वर फिरायच्या आधीच, आठव्या दिवशी, बाबा अर्ज मागे घ्यायला आले तेव्हा पिस्तूल त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी स्लाईड खेचली, ती खटकन गेली, आणि त्यांचा चेहरा पडला. “सायब, खरां बोलतो. खट्याल व्हता तवा मना त्याची भीती नव्हती. कमरंला लावला का दगड लावल्यासारका. आता ह्यो चालनारा हाय. ह्यो घरान ठेवून मना झोप नाय येनार.” त्यांनी परवाना परत करत असल्याचं लिहून आणलं होतं. हत्याराची शासकीय व्यवस्था लागेपर्यंत ते ठाण्यातच जमा राहणार होतं. बाबांनी आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, “ते नाना खय हात? त्यांचे हातान देईन. दुसऱ्या कुनाचे नाय.”

मी नानांना वायरलेसच्या खोलीतून बोलावून आणलं. बाबांनी त्यांच्यासमोर टोपी काढली आणि दोन्ही हातांनी पिस्तूल त्यांना दिलं. नाना म्हणाले, बसा बाबा, पावती करतो. आणि नेहमीच्या संथपणे कामाला लागले.

बाबा गेल्यावर मी चावी नानांपुढे ठेवली आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते बोललो. म्हणालो, नाना, तुमच्यावर संशय घेतला, मला वाईट वाटतं.

नाना चावी कमरेला लावत म्हणाले, “चावी घेतली त्याचं काही नाही साहेब. तुमच्या जागी मी असतो तरी घेतली असती. नियमच आहे तो.” त्यांनी गाठ मारली, ओढून पक्की केली. मग म्हणाले, “पण त्या दिवसापासून मला दुपारी डबा खायला कुणी बोलावलं नाही. आठ दिवस मी वायरलेसच्या खोलीत एकटा जेवलो. ते लागलं.”

मला ते ठाऊकच नव्हतं. आमच्या ठाण्यात दुपारी दोन वाजता जो असेल तो मागच्या खोलीत एकत्र डबा उघडायचा, मीही त्यात असायचो, आणि त्या आठ दिवसांत नानांची जागा रिकामी होती हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि मी तिकडे बघायचं टाळलं असेल. जो अधिकारी स्क्रूवरच्या ठिपक्याचा पंचनामा करतो, त्याला समोरच्या चटईवरची रिकामी जागा दिसत नाही, हे मला फार लाजिरवाणं वाटलं.

त्या प्रकरणाने मला पावतीवर हत्याराची स्थिती लिहायला शिकवलं, ते तर झालंच. आजही त्या ठाण्यात ती पद्धत आहे असं ऐकतो. पण खरं शिकलो ते वेगळं. पोलिसाने संशय घ्यायचाच असतो, त्याशिवाय आमचं काम चालत नाही. मात्र संशय म्हणजे निकाल नव्हे, आणि तो लागेपर्यंत माणूस आपलाच असतो. त्यानंतर माझ्या हाताखालच्या तिघांवर वेगवेगळ्या वेळी चौकशा बसल्या. एक दोषी निघाला, दोघे सुटले. तिघांच्याही चौकशा मी नियमाप्रमाणे केल्या आणि तिघांनाही रोज दोन वाजता मी स्वतः हाक मारायला जात असे, “चला, डबा घेऊन या.”